नाझीवाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाझी जर्मनीवर बोलायला मी शाळा-कॉलेजांत, वाचनालयांत जातो. भाषण संपलं की चिठ्ठ्या येतात. गेली कित्येक वर्षं त्यांतले प्रश्न साधारण तेच आहेत: काही कुतूहलाचे, काही खोचक, काही 'पण सर, हिटलरचंही थोडं बरोबर होतंच ना' अशा वळणाचे. उत्तरं एकदा सवडीने लिहून काढावीत म्हणून हे पान. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

नाझीवाद म्हणजे नेमकं काय?

१९३३ ते १९४५ अशी बारा वर्षं जर्मनीवर राज्य केलेल्या पक्षाची विचारसरणी. माणसाची किंमत त्याच्या वंशावरून ठरते, वंशांत उच्च-नीच असतं आणि इतिहास म्हणजे वंशांची झुंज, हा तिचा पाया. राज्य, पक्ष आणि नेता एकच, आणि शाळा, कारखाना, गायनमंडळ, घरातलं जेवणाचं टेबल यांपैकी काहीही त्याच्या कक्षेबाहेर नाही, ही तिची पद्धत. साध्या हुकूमशहाला लोक गप्प बसले तरी चालतात. इथे गप्प बसून भागत नसे. शेजारी दिसला की हात पुढे करून 'हाइल हिटलर' म्हणावं लागे. न म्हणणारा लक्षात ठेवला जाई.

पक्षाचं बीज ५ जानेवारी १९१९ रोजी म्युनिकमध्ये पडलं. संस्थापक आंतोन ड्रेक्सलर हा रेल्वेच्या कारखान्यातला कारागीर. हिटलरला लष्कराने या चिमुकल्या पक्षावर नजर ठेवायला पाठवलं होतं. तो सप्टेंबरात तिथलाच सभासद झाला. २४ फेब्रुवारी १९२० रोजी पक्षाने २५ कलमी कार्यक्रम जाहीर केला. त्यातलं चौथं कलम सांगतं की जर्मन रक्ताचाच माणूस नागरिक होऊ शकतो, म्हणून कोणीही ज्यू नागरिक असू शकत नाही. 'आधी ठीक होते, सत्ता मिळाल्यावर बिघडले' असं कोणी म्हटलं की मी या कलमाकडे बोट दाखवतो. सत्ता येण्याच्या तेरा वर्षं आधी ते छापून वाटलं होतं.

'आर्य' हा तर आपला शब्द. तो तिकडे कसा गेला?

भाषाशास्त्राच्या दारातून गेला. १७८६ मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एकच असावं असं मांडलं. या भाषाकुळाला पुढे काहींनी 'आर्य' म्हटलं. इथपर्यंत गोष्ट व्याकरणाची होती. मग फ्रान्सच्या गोबिनोने १८५३ ते १८५५ च्या दरम्यान माणसांच्या वंशांच्या असमानतेवर मोठा ग्रंथ लिहून गोरे आर्य हेच संस्कृतीचे जनक आणि रक्ताची सरमिसळ म्हणजे ऱ्हास, असं ठोकून दिलं. भाषेचं नाव रक्ताला चिकटलं ते असं.

ज्यांच्या नावावर हे सगळं आपल्याकडे खपवलं जातं त्या मॅक्स म्युलरने उलट १८८८ मध्ये स्पष्ट बजावलं होतं की आर्य रक्त, आर्य डोळे, आर्य केस अशी भाषा करणारा मानववंशशास्त्रज्ञ हा लांब कवटीच्या शब्दकोशाबद्दल बोलणाऱ्या भाषातज्ज्ञाइतकाच अपराधी. ऐकलं कोणी नाही.

यातला सगळ्यात कडू भाग रोमा लोकांचा, म्हणजे युरोपातल्या भटक्यांचा. त्यांची रोमानी भाषा ही युरोपात पोचलेली आपल्या भाषांची खरीखुरी बहीण. पाण्याला ते 'पानी' म्हणतात, माणसाला 'मनुष', आणि आकडे मोजतात 'दुइ, त्रिन' असे. भाषेच्या कसोटीने आर्य म्हणायचंच तर यांना म्हणावं लागलं असतं. नाझींनी त्यांना परक्या रक्ताचे ठरवून मारलं.

वंशाचं 'शास्त्र' खरंच होतं का?

विद्यापीठं होती, प्राध्यापक होते, कवट्या मोजायचे चिमटे होते, तक्ते होते. निष्कर्ष मात्र आधीच ठरलेला असे. शिवाय हे जर्मनीचं एकट्याचं वेड नव्हतं: सुप्रजननाची कल्पना इंग्लंडात गाल्टनने मांडली, सक्तीच्या नसबंदीचा पहिला कायदा १९०७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने केला.

इथे एका मराठी बाईंची गोष्ट सांगायलाच हवी. इरावती कर्वे, आपल्या 'युगान्त'वाल्या, १९२८ मध्ये डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत मिश्र संततीवर 'संशोधन' करून नाव कमावलेला हा गृहस्थ बर्लिनच्या मानववंशशास्त्र संस्थेचा प्रमुख होता. १९३३ मध्ये तो बर्लिन विद्यापीठाचा रेक्टर झाला. त्याचं गृहीतक असं की गोऱ्यांची बुद्धी तर्कशुद्ध असल्यामुळे त्यांची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, आणि इतर वंशांत हा फरक आढळणार नाही. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. कवट्या वाकड्या निघाल्या, पण सगळ्यांच्याच. वंशाशी त्याचा काही संबंध लागेना. त्यांनी जे मोजलं ते लिहिलं. पंचविशीतली, परक्या देशातली, परक्या भाषेत प्रबंध लिहिणारी विद्यार्थिनी थेट गाइडच्या सिद्धांताला आकड्यांनी नाही म्हणते, हे मला आजही थक्क करतं. पीएचडी करणाऱ्यांना गाइड म्हणजे काय प्रकरण असतं हे वेगळं सांगायला नको.

द्वेष ज्यूंचाच का?

कारण तो तयार होता. ख्रिस्ताच्या वधाचा आळ शतकानुशतकं चर्चमधून त्यांच्यावर येत होता. व्याजबट्ट्याचा धंदा त्यांच्याकडे ढकलून मग त्यावरूनच त्यांना शिव्या देण्याची रीत होती. एकोणिसाव्या शतकात धर्माची जागा रक्ताने घेतली, हा खरा बदल. धर्मद्वेष्ट्याच्या तावडीतून बाप्तिस्मा घेऊन सुटता येत असे. रक्तातून सुटता येत नाही.

संख्येचं म्हणाल तर १९३३ साली जर्मनीत ज्यू होते सव्वापाच लाखांच्या आसपास, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. पहिल्या महायुद्धात जवळपास एक लाख ज्यू जर्मन गणवेशात लढले, सुमारे १२ हजार पडले. तरी ते आघाडीवर जायला टाळतात अशी ओरड झाली आणि १९१६ मध्ये लष्कराने ज्यू सैनिकांची वेगळी मोजणी केली. निकाल काही जाहीर केला नाही. मोजणी झाली एवढीच बातमी संशयाला पुरेशी होती. युद्ध हरल्यावर 'सैन्य हरलंच नाही, घरभेद्यांनी पाठीत खंजीर खुपसला' ही कथा सेनापतींनीच पसरवली, आणि घरभेदी कोण हे सांगायला माणसं तयारच होती.

हिटलर निवडून आला होता ना? लोकांनीच त्याला आणलं मग.

अर्धं खरं. त्याच्या पक्षाला १९२८ मध्ये २.६ टक्के मतं होती. व्हर्सायचा अपमानकारक तह तेव्हा होऊन गेला होता, आणि एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजायला लावणारी १९२३ ची महागाईसुद्धा होऊन गेली होती. म्हणजे 'तहामुळे हिटलर आला' हे पाठ्यपुस्तकी उत्तर अपुरं आहे. १९२९ ची मंदी आली, बेकार ६० लाखांवर गेले, तेव्हा १९३० मध्ये १८.३ टक्के आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के मतं मिळाली. नोव्हेंबर १९३२ मध्ये ती ३३.१ टक्क्यांवर घसरली. मोकळ्या निवडणुकीत नाझींना बहुमत कधीही मिळालेलं नाही.

मग ३० जानेवारी १९३३ ला तो चॅन्सेलर झाला कसा? वयोवृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गच्या भोवतीच्या मंडळींनी त्याला नेमवून घेतलं. फॉन पापेन वगैरे खानदानी पुढाऱ्यांचा हिशोब असा की गर्दी याची वापरू, लगाम आपल्या हाती ठेवू. पहिल्या मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी फक्त तीन होते. त्यातला एक गृहमंत्री होता आणि दुसऱ्याच्या हाती प्रशियाचं पोलीस खातं होतं, याकडे या हुशार लोकांनी लक्ष दिलं नाही.

लोकशाही इतक्या लवकर कोसळली कशी?

तारखा एका खाली एक वाचल्या की धडकी भरते. २७ फेब्रुवारी १९३३: संसदेच्या इमारतीला आग. २८ फेब्रुवारी: आणीबाणीचा हुकूम; भाषण, सभा, वृत्तपत्रं, टपालाची गुप्तता, सगळं स्थगित. तो हुकूम पुढे १९४५ पर्यंत उठलाच नाही. २२ मार्च: म्युनिकजवळ डाखाऊची छळछावणी सुरू. ही गुपचूप उघडलेली नव्हती, आदल्या दिवशी पेपरात बातमी होती. पहिले कैदी मुख्यतः कम्युनिस्ट.

२३ मार्च: संसद एका नाट्यगृहात भरली, गणवेशातले नाझी गुंड दाराशी आणि सभागृहात उभे. सरकारला संसदेशिवाय कायदे करू देणारं विधेयक ४४४ विरुद्ध ९४ मतांनी पास झालं. कम्युनिस्ट खासदार तुरुंगात किंवा भूमिगत होते. विरोधातली सगळी ९४ मतं सोशल डेमोक्रॅट पक्षाची. त्यांचा नेता ओटो वेल्स तिथे उभा राहून बोलला की आमचं स्वातंत्र्य आणि जीव घेता येईल, अब्रू घेता येणार नाही. बाकीच्या पक्षांनी, ज्यांत कॅथलिकांचा मोठा पक्षही होता, आश्वासनांवर विश्वास ठेवून बाजूने मत दिलं. २ मे रोजी कामगार संघटना मोडल्या. १४ जुलैला एकच पक्ष कायदेशीर उरला. साडेपाच महिने.

प्रत्येक पायरीला कायद्याचा कागद होता. न्यायाधीश, कारकून, प्राध्यापक यांना तो कागद पुरला.

समोरचा माणूस ज्यू आहे हे ते ओळखत कसे?

माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि तो फार कमी विचारला जातो.

ओळखता येतच नसे. सप्टेंबर १९३५ मध्ये न्यूरेंबर्ग कायदे झाले: ज्यूंचं नागरिकत्व गेलं, ज्यू आणि 'जर्मन रक्त' यांच्यातले विवाह व संबंध गुन्हा ठरले, ज्यूंच्या घरी ४५ वर्षांखालच्या जर्मन मोलकरणी ठेवायला बंदी आली. पण ज्यू म्हणजे कोण? कायदा झाला तरी व्याख्या ठरेना. ती नोव्हेंबरात आली: चारपैकी तीन आजी-आजोबा ज्यू असतील तो ज्यू. आणि आजोबा ज्यू कशावरून? ते सिनेगॉगचे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराचे, सभासद होते यावरून. म्हणजे ज्या रक्ताचा एवढा डंका, ते कुठल्याही नळीत दिसत नव्हतं. शेवटी जुन्या धार्मिक नोंदवह्याच उघडाव्या लागल्या. गावोगावचे पाद्री बाप्तिस्म्याचे दाखले देऊन देऊन थकले. लोक वंशावळीची पुस्तिका खिशात बाळगू लागले. दोन आजी-आजोबा ज्यू असतील तर 'मिश्र', आणि त्याला पुन्हा पोटनियम.

आपल्याला दाखल्यासाठी पणजोबांची नोंद शोधत तहसील कचेरीच्या खेपा घालणं माहीत आहे. तिथे त्या नोंदीवर नोकरी, लग्न आणि पुढे जीव अवलंबून होता. वंश शरीरात सापडला नाही म्हणून तो कागदावर तयार केला गेला. १९३९ पासून ज्यू पुरुषांना नावात 'इस्राएल' आणि बायकांना 'सारा' जोडणं सक्तीचं झालं, पासपोर्टवर त्याआधीच लाल 'J' हे अक्षर उमटलं होतं. चेहऱ्यावरून ओळखू येत असते तर हा खटाटोप कशाला केला असता?

पण त्याने रस्ते बांधले, बेकारी संपवली, हे तरी खरं?

चौपदरी रस्त्यांची कल्पना आणि सुरुवात त्याच्या आधीची. कोलोन ते बॉन रस्ता १९३२ मध्येच खुला झाला होता. बेकारी घटली ती मुख्यतः शस्त्रनिर्मिती, सक्तीची लष्करभरती आणि आकड्यांतून ज्यूंना व अनेक विवाहित स्त्रियांना वगळण्यामुळे. पैसा उधारीचा होता, आणि ती उधारी लुटीतून फेडायची होती.

लोकांच्या मोटारीचं उदाहरण बघा. आठवड्याला ५ मार्कांची तिकिटं चिकटवत राहा, ९९० मार्कांना गाडी घ्या, अशी योजना होती. तीन लाखांहून जास्त कुटुंबांनी पैसे भरले. एकालाही त्या योजनेत गाडी मिळाली नाही. कारखान्यातून लष्करी वाहनं निघाली. आपल्याकडच्या भिशी बुडवणाऱ्यांना निदान शेजाऱ्यांची लाज तरी वाटते.

नाव तर 'राष्ट्रीय समाजवादी'. म्हणजे ते डावेच ना?

नाव. पहिले कैदी कम्युनिस्ट आणि समाजवादी, मोडलेल्या पहिल्या संस्था कामगार संघटना. फेब्रुवारी १९३३ मध्ये निवडणूक निधीसाठी हिटलर भेटला तो मोठ्या कारखानदारांना.

सामान्य जर्मनांना काय चाललंय ते माहीत नव्हतं?

गॅसच्या खोल्यांचा तपशील बहुतेकांना माहीत नसेल. पण शेजारचं कुटुंब पहाटे बॅगा घेऊन गेलं आणि परत आलं नाही, हे तर डोळ्यांदेखत होतं. नोव्हेंबर १९३८ मध्ये एका रात्रीत देशभर सिनेगॉग जळाले, दुकानं फुटली, सुमारे ३० हजार ज्यू पुरुषांना छावण्यांत नेलं, आणि नुकसानीबद्दल १०० कोटी मार्कांचा दंड ज्यूंनाच भरायला लावला. हे सगळं भर रस्त्यात.

गेस्टापोबद्दल, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांबद्दल, आपल्या डोक्यात जागोजागी उभ्या हेरांचं चित्र असतं. प्रत्यक्षात आठ कोटींच्या देशात त्यांचे लोक सर्वाधिक असतानाही बत्तीस हजारांच्या घरात होते. उरलेल्या फायली तपासल्यावर दिसलं की कितीतरी प्रकरणं शेजारी, सहकारी, भाडेकरू, रुसलेले नातेवाईक यांच्या चुगल्यांतून सुरू झाली होती. कारण कधी देशभक्ती, बऱ्याचदा जिन्यावरचं भांडण.

हद्दपार होणाऱ्या ज्यूंना आधी १६ पानांचा मालमत्तेचा फॉर्म भरावा लागे: खुर्च्या किती, टेबलक्लॉथ किती, अंगावरचे कपडे कोणते. कुटुंब गेलं की या यादीनुसार सामानाचा लिलाव होई. हॅम्बुर्गमध्ये अशा लिलावांना साध्या घरांतल्या लोकांची झुंबड उडे. तो टेबलक्लॉथ कुणाचा हे घेणाऱ्याला माहीत नव्हतं, हे मला पटत नाही.

हत्याकांड प्रत्यक्षात कसं घडवलं?

सुरुवात जर्मनीतल्याच आजारी आणि अपंग लोकांपासून झाली. १९३३ च्या कायद्याखाली सुमारे चार लाख लोकांची सक्तीने नसबंदी झाली. १९३९ पासून 'टी-४' या सांकेतिक नावाने मनोरुग्णालयांतल्या लोकांना गॅसने मारलं. ऑगस्ट १९४१ पर्यंत सत्तर हजारांवर. निर्णय घेणारे डॉक्टर रुग्णाला भेटतही नसत, फॉर्मवर लाल किंवा निळ्या पेन्सिलीने खूण करत. हेच तंत्रज्ञ पुढे पोलंडमधल्या छावण्यांत गेले.

जून १९४१ मध्ये रशियावर स्वारी झाली आणि सैन्याच्या मागोमाग गोळ्या घालणारी पथकं निघाली. कीव्हजवळच्या बाबी यार घळीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यू मारले. आकडा इतका नेमका, कारण मारणाऱ्यांनीच तो वर कळवला.

२० जानेवारी १९४२ ला बर्लिनच्या वानझे तळ्याकाठच्या बंगल्यात १५ अधिकारी जमले. निम्म्याहून अधिक डॉक्टरेटवाले. युरोपातल्या १ कोटी १० लाख ज्यूंची देशवार यादी पुढ्यात होती. एस्टोनियापुढे 'ज्यूमुक्त' असा शेरा. बैठक साधारण दीड तासाची. मारायचं की नाही हा विषयच नव्हता, खात्याखात्यांत ताळमेळ कसा घालायचा एवढाच होता.

मग रेल्वे. जर्मन रेल्वेने या गाड्यांचं भाडं लावलं: माणशी किलोमीटरला ४ फेनिग, तिसऱ्या वर्गाचा दर. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, चारखालच्यांना माफ. चारशेहून जास्त माणसं असतील तर समूह सवलत. पहारेकऱ्यांचं तिकीट जाण्यायेण्याचं, बाकीच्यांचं एकेरी.

बेल्झेक, सोबिबोर आणि ट्रेब्लिंका या तीन छावण्यांत सुमारे १७ लाख माणसं मेली, आउशवित्झमध्ये सुमारे ११ लाख. एकूण ६० लाख ज्यू, म्हणजे युरोपातल्या ज्यूंपैकी जवळजवळ दोन तृतीयांश.

फक्त ज्यूच मारले गेले?

नाही. पकडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिकांपैकी ३३ लाखांच्या आसपास उपासमारीने, थंडीने, गोळ्यांनी मेले. रोमा लोकांचे अंदाज दोन ते पाच लाख. पश्चिम जर्मनीने त्यांचा वंशविच्छेद मान्य केला तो थेट १९८२ मध्ये. पोलंडचे शिक्षक, पाद्री, प्राध्यापक, शिवाय समलिंगी पुरुष आणि 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाचे लोक. सोव्हिएत संघाने त्या युद्धात एकूण २ कोटी ७० लाखांच्या घरात माणसं गमावली. पूर्वेकडच्या स्लाव लोकांना गुलाम करून तिथे जर्मन शेतकरी वसवायचे हा बेत होता. भारत जसा इंग्लंडला, तसा रशिया आपल्याला, असं हिटलर जेवणाच्या टेबलावर बोलत असे.

म्हणजे हिटलर इंग्रजांचा शत्रू असला तरी आपला मित्र नव्हता?

अजिबात नाही. रस्त्यावरच्या पुस्तकांच्या गाड्यांवर त्याचं आत्मचरित्र अजून ढिगाने दिसतं. विकत घेणाऱ्यांनी निदान भारताचा भाग वाचावा. इतर कुणापेक्षा भारत इंग्रजांच्याच ताब्यात असलेला मला आवडेल, असं त्याने लिहून ठेवलंय. नोव्हेंबर १९३७ मध्ये ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स भेटायला गेला तेव्हा गांधींना गोळी घाला असा सल्ला हिटलरने दिला. नेताजी मे १९४२ मध्ये त्याला भेटले, पुस्तकातल्या त्या मजकुराबद्दल बोलले. भारताच्या स्वातंत्र्याची जाहीर घोषणा मात्र त्याच्याकडून मिळाली नाही. नेताजींचा डाव हा गुलाम देशाच्या नेत्याचा डाव होता, त्यावर वाद घालता येईल. हिटलरच्या मनात काय होतं यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

आपलं स्वस्तिक आणि त्यांचं एकच का? त्यांचं उलटं असतं म्हणतात.

उलटं नसतं. दिशा तीच, फक्त बहुधा ४५ अंशांत तिरकं. श्लीमनने ट्रॉयच्या उत्खननात हे चिन्ह पाहिल्यावर युरोपात ते 'आर्यां'ची खूण म्हणून गाजलं. १९२० मध्ये नाझींनी झेंड्यावर घेतलं. जर्मनीत त्याला 'हुकांचा क्रॉस' अशा अर्थाचा शब्द आहे. परदेशी राहणाऱ्या मराठी घरांना दारातल्या रांगोळीचा खुलासा शेजाऱ्यांना करावा लागतो. तो जरूर करावा, न चिडता. समोरच्याच्या आजीने ते चिन्ह वेगळ्या ठिकाणी पाहिलेलं असू शकतं.

जगाने ज्यूंना आसरा दिला नाही?

जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँला ३२ देश जमले. हळहळ सगळ्यांनी व्यक्त केली. दार उघडायची मोठी तयारी दाखवली ती फक्त डोमिनिकन प्रजासत्ताकाने.

मुंबईत थोडे लोक पोचले, आणि त्या थोड्यांनी बरंच काही दिलं. वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये आला. आकाशवाणीची ती सकाळची धून, जी ऐकून आपल्या आई-आज्या चहा ठेवायच्या, त्याच्या नावावर आहे. व्हिएन्नाचा चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, ज्याची बायको ज्यू होती, त्याने आरा, रझा, हुसेन यांच्या पाठीवर हात ठेवला. युद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारने गंमत केली: हिटलरपासून पळून आलेल्यांनाही पासपोर्ट जर्मन म्हणून 'शत्रू नागरिक' धरलं आणि काहींना पुरंदर गडावर नेऊन ठेवलं. पुन्हा कागदच.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची पोलिश छावणी यात लोक मिसळतात. १९४३ पासून तिथे पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-मुलं, राहिले. त्यांना घराबाहेर काढलं होतं स्टालिनने. अर्थात १९३९ मध्ये पोलंड कापून वाटून घेतला तो हिटलर आणि स्टालिन या दोघांनी मिळून.

आपल्या कोकणातल्या ज्यूंवर काही परिणाम झाला?

बेने इस्राएल, म्हणजे तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे 'शनवार तेली', घरात मराठी बोलणारे, पेणकर, दिवेकर अशी आडनावं लावणारे. ते सुरक्षित होते. ज्या १९३७ साली जर्मनीत ज्यू माणूस साधा नागरिक नव्हता, त्याच साली मुंबईच्या महापौरपदी डॉ. ई. मोझेस बसले. महालक्ष्मीहून वरळीकडे जाताना त्यांच्या नावाचा रस्ता लागतो.

कोणीच विरोध केला नाही?

केला, आणि कुठे कुठे तो चाललाही. ऑगस्ट १९४१ मध्ये म्युन्स्टरच्या बिशप गालेनने अपंगांच्या हत्येविरुद्ध चर्चमध्ये उघड भाषण केलं. त्याच महिन्यात ती मोहीम अधिकृतपणे थांबली, नंतर मात्र गुपचूप चालू राहिली. सुतारकाम करणाऱ्या गेओर्ग एल्सरने नोव्हेंबर १९३९ मध्ये एकट्याने बॉम्ब लावला; हिटलर तेरा मिनिटं आधी निघून गेला. म्युनिकच्या सोफी आणि हान्स शोल या भावंडांना पत्रकं वाटल्याबद्दल २२ फेब्रुवारी १९४३ ला मारलं. डेन्मार्कने ऑक्टोबर १९४३ मध्ये सात हजारांवर ज्यूंना होड्यांतून स्वीडनला पोचवलं.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो पोलंडमधल्या वॉर्सात ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतला विरोध. इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुमने साथीदारांसह तिथे रोजनिशी, रेशनकार्डं, मुलांचे निबंध, अगदी मिठाईचे कागदसुद्धा जमवले, पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून पुरले. एक साठा १९४६ मध्ये सापडला, दुसरा १९५० मध्ये. ते पुरणाऱ्या १९ वर्षांच्या मुलाने सोबत लिहून ठेवलं होतं की जे जगाला ओरडून सांगता आलं नाही ते आम्ही जमिनीत पुरलं.

'हे सगळं अतिरंजित आहे' म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

वाचलेल्यांच्या साक्षी बाजूला ठेवा. मारणाऱ्यांचे कागद काढा. वानझेच्या इतिवृत्ताच्या ३० प्रतींपैकी सोळावी प्रत १९४७ मध्ये सापडली. १९४२ अखेरपर्यंत पोलंडमधल्या छावण्यांत किती ज्यू आणले याचा आकडा १२,७४,१६६ एका जर्मन तारेत आहे. ती तार इंग्रजांनी जानेवारी १९४३ मध्येच पकडली होती, अर्थ मात्र २००० साली एका अभ्यासकाच्या नजरेत भरला.

शेवट काय झाला? शिक्षा झाल्या का?

न्यूरेंबर्गच्या मुख्य खटल्यात १ ऑक्टोबर १९४६ ला २२ जणांचा निकाल लागला: १२ जणांना फाशी, तीन निर्दोष. डॉक्टरांच्या खटल्यातून माणसांवरच्या प्रयोगांना संमती हवी हा दंडक आला. राफाएल लेमकिनने घडवलेला 'जेनोसाइड', म्हणजे वंशविच्छेद, हा शब्द डिसेंबर १९४८ मध्ये आंतरराष्ट्रीय कायद्यात गेला. पूर्व युरोपातून सव्वा कोटीच्या आसपास जर्मन लोक हाकलले गेले, देशाचे दोन तुकडे झाले. पश्चिम जर्मनीच्या नव्या राज्यघटनेचं पहिलंच कलम माणसाच्या प्रतिष्ठेचं, आणि ते दुरुस्तीनेही काढता येत नाही.

पण बरेच जण सुटले. न्यूरेंबर्ग कायद्यांवर भाष्य लिहिणारा हान्स ग्लोबके १९५३ ते १९६३ पश्चिम जर्मनीच्या चॅन्सेलरचा उजवा हात होता. कागदावर त्याने कुणालाच मारलं नव्हतं.

आज जर्मन शहरांत फुटपाथवर दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन दिसतात. 'इथे राहत होते', मग नाव, जन्मसाल, कुठे नेलं. युरोपभर मिळून लाखावर बसवून झालेत. त्यांवर वंशाचा रकाना नसतो.

मी शिक्षिका आहे. आठवी-नववीच्या मुलांना हे सांगायला कुठून सुरुवात करू?

चित्रफितींपासून नको. फळ्यावर एक गणित घाला. ते १९३५ च्या जर्मन शालेय पुस्तकातलं आहे, पण आधी सांगू नका. वेड्यांचं इस्पितळ बांधायला ६० लाख मार्क खर्च आला. १५,००० मार्कांचं एक, अशी किती घरं तेवढ्यात बांधता आली असती?

उत्तर ४००. माझ्या अनुभवात ते सगळ्यांचं बरोबर येतं.